देवगिरी १:३०० : दिवाळीच्या किल्ल्याच्या प्रकल्प नोंदी

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

यंदाचा किल्ला देवगिरी. माप १:३००. डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच, म्हणजे आपल्याकडे ६७ सेंमी. तासलेला उभा कडा सुमारे ५० मीटर, म्हणजे १७ सेंमी. चांदमिनार ६३ मीटर, म्हणून २१ सेंमी. हत्ती हौदाची बाजू ३८ मीटर आणि खोली ६.६ मीटर, आपला हौद १२.७ सेंमीचा आणि २.२ सेंमी खोल. १:२०० घेतले असते तर डोंगरच मीटरभर झाला असता आणि ८ × ६ फुटांच्या ओट्यावर तटांना जागा उरली नसती.

बाहेरून आत अंबरकोट, महाकोट, कालाकोट असे तट आहेत. अंबरकोटाच्या पोटात अख्खे शहर होते, ते मापात बसवायला मैदान लागेल. म्हणून असे ठरले: खंदकापासून आत सगळे काटेकोर मापात, बाहेरच्या वास्तू उंचीला मापात पण एकमेकींतले अंतर आखडून. हे पाटीवर ठळक लिहायचे, नाहीतर बघणारा चांदमिनार कड्याला टेकलेला समजतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

मापापेक्षा अवघड प्रश्न सालाचा. देवगिरी करताना नेहमी होणारी चूक म्हणजे यादवांचा राजा रामदेवराव, चांदमिनार, मेंढा तोफ आणि बारादरी नावाचा मोगली महाल एकाच वेळी उभे करणे. रामदेवरावाने चांदमिनार पाहिलेला नाही. तो उभा राहिला १४४५ च्या सुमारास, रामदेवराव जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षे लोटल्यावर. बारादरी १६३६ ची. मेंढा तोफेवर औरंगजेबाचे नाव कोरलेले आहे. आज गडावर फिरताना जे डोळ्यांत भरते त्यातले बरेचसे यादवांनंतरचे आहे, आणि यादवांची वस्ती मात्र जवळजवळ दिसत नाही.

तोडगा: डोंगर, कडा, खंदक कायम, बाकी प्रत्येक वास्तू सुटी. वसुबारसेला फक्त १२९६ चा गड दाखवायचा आणि भाऊबीजेपर्यंत रोज पुढच्या काळातल्या वास्तू आणि माणसे बसवत जायची. प्रत्येक तुकड्याखाली २ इंची खिळा आणि मातीत त्याच मापाची प्लॅस्टिकची नळी पुरलेली, म्हणजे तुकडा बसवताना माती उकरावी लागणार नाही. अशा २३ नळ्या लागतील.

तासलेला कडा आणि खंदक यातला यादवांचा वाटा किती आणि तुघलकांचा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ते दोन्ही पहिल्या दिवसापासून राहतील, पण त्यांच्या पाटीवर कोणत्याही राजाचे नाव जाणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

गाभा उभा केला. कड्याचे वर्तुळ १.२ मीटर व्यासाचे. विटा १५०, लाल माती १० घमेली. आतल्या विटा कोरड्याच रचल्या, फटींत खडी भरली. वरचा शंकू गोणपाटाने झाकून त्यावर मातीचा राडा चढवला.

काळी माती अजिबात वापरायची नाही. ओली असताना छान चिकटते, पण वाळताना आकसते आणि रात्रीत बोटभर भेगा पडतात. लाल मातीत चौथा हिस्सा भुसा मिसळला की भेगा थांबतात. गोणपाट राड्यात बुडवूनच अंथरायचे. कोरडे अंथरले तर ते मातीतले पाणी पिऊन घेते आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कडा. १७ सेंमीची उभी भिंत मातीची टिकत नाही, पोटात फुगते आणि खाली बसते. म्हणून ३.८ मीटर लांब, २० सेंमी रुंद कोंबडजाळीची पट्टी वर्तुळाभोवती ताणून विटांना बांधली आणि तिच्यावर १:४ सिमेंट-वाळूचा गिलावा केला. गिलावा अर्धवट सुकला की जुन्या करवतीच्या पात्याने उभे चरे ओढायचे. फार लवकर ओढले तर गिलावा पात्याबरोबर येतो, उशिरा ओढले तर पाते घसरते. तीन तासांनी बरोबर जमले.

हा कडा नीट होण्यावर सगळे अवलंबून आहे. देवगिरीचे वैशिष्ट्य तटात नाही, या गुळगुळीत खडकात आहे. इथे तट फोडून गडाच्या माथ्यावर जाता येत नाही; वर जायला एकच वाट, ती खडकाच्या पोटातून.

९ ऑक्टोबर, गुरुवार

खंदक. शाहजहानच्या दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी खंदकाची रुंदी ४० गज आणि खोली ३० गज देतो. गज ८० सेंमीचा धरला तर ३२ आणि २४ मीटर. आपल्या मापात रुंदी १०.७ सेंमी, खोली ८ सेंमी. पाणी ६ सेंमीपर्यंत भरायला २६ लिटर लागले.

पहिल्या भरणीत पाणी दोन तासांत निम्मे झाले. ताडपत्री सलग नव्हती, जोड टेपने चिकटवला होता. ओल्या मातीवर टेप सुटतो. पाणी झिरपून बाहेरच्या काठाची माती लोण्यासारखी झाली. सगळे उपसून एकच सलग ताडपत्री घातली, दोन्ही काठांवर १५ सेंमी वर आणून विटांखाली दाबली. वळणावरच्या चुण्या खालच्या बाजूला दुमडायच्या, वर राहिल्या तर पाण्याखालीही दिसतात.

पूल: जुना दगडी पूल दोन्ही काठांकडून खाली उतरतो आणि मध्ये खोलगट आहे. खंदकात पाणी वाढवले की मधला भाग बुडतो आणि वाट तुटते. आज पर्यटक जातात तो लोखंडी पूल अलीकडचा, तो करायचा नाही. आपला पूल खडीच्या चपट्या कपच्यांचा. मधला भाग काठापेक्षा ३ सेंमी खाली. पाण्याची पातळी ४ सेंमी असताना वाट कोरडी, ६ सेंमीला बुडालेली. हे बादलीने पाणी ओतून दाखवता येते.

११ ऑक्टोबर, शनिवार

अंधेरी, म्हणजे खडकातला अंधारा जिना. ४० मिमी पीव्हीसी नळीचे चार तुकडे आणि तीन एल्बो जोडून वळत चढणारा मार्ग केला. बाहेरच्या बाजूने नळीला ३० सेंमी लांब काप दिला आणि तिथे काच बसवली, म्हणजे आत डोकावता येते. पायऱ्या जाड पुठ्ठ्याच्या, फेव्हिकॉलने चिकटवून वर वॉर्निश. वॉर्निश नसेल तर दमट हवेत पुठ्ठा फुगतो.

लाहोरी लिहितो की वाट मिनाराच्या जिन्यासारखी वळत जाते, दिवसाही दिवा लागतो, खालचे तोंड लोखंडी दाराने बंद होते आणि वाटेत लोखंडी शेगडी ठेवून विस्तव केला की पुढे जाणे अशक्य. हे धुराने दाखवायचे होते. खालच्या तोंडाशी दोन अगरबत्त्या लावल्या तर धूर सरळ वर निघून गेला, कारण नळी धुराड्यासारखी ओढते. वरचे तोंड पत्र्याच्या तुकड्याने झाकले आणि अगरबत्ती वरच्या वळणावर ठेवली तेव्हा धूर माघारी वळून अर्ध्या मिनिटात काच पांढरी झाली. वरच्या तोंडाला झाकण आणि हवा खेळायला लहानसे छिद्र, एवढ्यावर सगळे चालते. गडावरच्या माणसांना वाऱ्याची ही ओढ पक्की माहीत होती, आणि तिच्या भरवशावर मूठभर पहारेकऱ्यांना सैन्य थोपवता येत होते.

१२ ऑक्टोबर, रविवार

अळीव पेरले, फक्त माथ्याच्या उतारावर, कड्यावर नाही. मोहरी उतारावरून घरंगळते; अळीव तासभर भिजवले की बुळबुळीत होते आणि उभ्या मातीलाही धरून राहते. पाव किलो पुरे. एक अडचण मापाची: अळिवाचे रोप ५ सेंमी वाढले की १:३०० मध्ये १५ मीटरचे झाड होते. चौथ्या दिवसापासून कात्रीने १ सेंमीवर छाटायचे.

बाजारातली मावळ्यांची चित्रेही चालत नाहीत. ७ सेंमीचे चित्र म्हणजे २१ मीटरचा माणूस, चांदमिनाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. माणूस ५ ते ६ मिमीचा हवा. आगकाडीचे गूल काढून ६ मिमीचे १८० तुकडे केले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पाणी. हत्ती हौदात साधारण ९५ लाख लिटर पाणी मावते, तेही पाऊस-पाण्यावर सोडलेले नाही. आसपासच्या डोंगरांतल्या तलावांतून भाजलेल्या मातीच्या नळांनी उतारावरून शहरात पाणी आणलेले होते. सरस्वती बावडीसारख्या विहिरी वेगळ्या. आपल्याकडे स्टुलावर पाच लिटरचा कॅन, त्याला सलाईनची नळी, नळी मातीखालून हौदात. चाकाने धार कमीजास्त होते. नळी मातीत गाडताना मध्ये उंचवटा राहिला तर तिथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि धार बंद पडते. सगळी नळी उकरून एकसारख्या उतारावर पुन्हा गाडली.

कोठार ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, मापाबाहेर, १:२० मध्ये. गोणपाटाच्या ४.५ सेंमी उंच २४ गोण्या शिवल्या, प्रत्येकीत २५ ग्रॅम जाडे मीठ, तोंड सुतळीने बांधलेले. मीठ का, ते वसुबारसेच्या पाटीवर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस. गडावर १२९६

आजचे रहिवासी यादव. पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास सिन्नरकडून राजधानी इथे आणली. पुढे सिंघण राजाच्या पदरी शारंगदेव. त्याचे घराणे काश्मीरहून दक्षिणेत आलेले, आणि हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरा ज्याला मानतात तो 'संगीतरत्नाकर' याच राज्यात लिहिला गेला. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात हेमाद्री श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. त्याच्या आश्रयाला व्याकरणकार बोपदेव. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी न्यायाने राज्य करणारा राजा म्हणून ज्याचे नाव येते तो हाच रामचंद्र, म्हणजे रामदेवराव. म्हणून आज गडाखाली देवळे, घरे, दफ्तर. तोफ एकही नाही. मिनार नाही.

आणि कोठार. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी प्रयागजवळच्या कडा नावाच्या त्याच्या सुभ्यातून सुमारे ८,००० घोडेस्वार घेऊन अचानक इथे उतरला. यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर होते. रामदेवराव गडावर चढून बसला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की घाईघाईने गडावर नेलेल्या गोण्या धान्याच्या समजल्या गेल्या होत्या आणि उघडल्यावर त्यांत मीठ निघाले. फिरिश्ता त्या घटनेनंतर ३०० वर्षांनी लिहीत होता, म्हणून पाटीवर 'फिरिश्ता सांगतो' हे शब्द आवर्जून घातले. तपशील कसाही असो, खडक कोणी चढला नाही. आत खायला नव्हते म्हणून तह करावा लागला.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी. १३१८ ते १३४७

सकाळी कोठाराच्या गोण्या ओल्या. मीठ दमट हवेतले पाणी ओढते आणि पाझरते. गोणपाट भिजून खारट पाणी खालच्या मातीत उतरले. सगळ्या गोण्या रिकाम्या करून आत प्लॅस्टिकची पिशवी घातली, मग मीठ भरले. कोठाराजवळचे अळीव उगवलेच नाही, तळहाताएवढी जागा उघडी राहिली.

आज देवळे काढून मशीद बसवली. रामदेवरावाला १३०७ मध्ये दिल्लीला नेऊन 'रायरायान' किताब देऊन परत पाठवले. त्याचा मुलगा शंकरदेव १३१३ मध्ये मारला गेला. जावई हरपाळदेवाला कुत्बुद्दीन मुबारक खिलजीने हालहाल करून मारले. त्याच कुत्बुद्दीनची १३१८ ची मशीद, देवळांचे खांब वापरून बांधलेली. खांब १०६. टूथपिकचे १०६ तुकडे थर्मोकोलमध्ये रोवले. आधी दाभणाने भोके पाडली, थेट रोवले तर थर्मोकोल फुटते आणि ओळ वाकडी होते. हैदराबाद मुक्तीनंतर याच वास्तूत भारतमातेची मूर्ती बसली, आणि आज ती भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. हे पाटीच्या तळाशी.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे आणली, नाव दौलताबाद केले. दिल्लीहून आलेल्यांत सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्जी होते. दोघांच्या कबरी जवळच खुलदाबादला. सुलतान परत फिरला तरी आलेल्यांतले बरेच इथेच राहिले, आणि १३४७ मध्ये बहमनी राज्याची घोषणा दौलताबादलाच झाली. राजधानी हलवण्याची गोष्ट लहर म्हणून सांगून सोडून देतात. तिच्यामुळे दख्खनेत कोण येऊन राहिले, हे कोणी सांगत नाही.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला होता. खडकावरच्या गडाला चामड्याची शिडी लावतात आणि रात्री वर ओढून घेतात, असे तो लिहितो. तळघरातल्या कैद्यांना मांजरापेक्षा मोठ्या उंदरांची भीती असल्याचेही. शिडी केली: जुन्या चपलेच्या पट्ट्याचे अर्ध्या मिलिमीटरचे पापुद्रे सोलून, १९ सेंमी लांब, ३२ पायऱ्या, वर दोरा. संध्याकाळी सात वाजता मुले ती वर ओढतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

दुपारी सर आली. ताडपत्रीचे छप्पर वेळेत टाकले, कडा शाबूत. माथ्यावरून दोन ओघळ आले ते भुसा-मातीने बुजवले. आगकाडीची ४० माणसे वाहून खंदकात गेली, नवी केली.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी. १४४५

चांदमिनार. अलाउद्दीन अहमद बहमनीच्या काळातला, चार मजल्यांचा. सुताच्या बॉबिनच्या नळ्या एकात एक बसवून २१ सेंमी. पहिल्यांदा गेरूचा रंग दिला तो फार भडक झाला. गेरूत थोडी मुलतानी माती मिसळल्यावर बरा. मशिदीपासून अंतर आखडलेले आहे, त्याची पाटी शेजारीच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन. निजामशाही

१४९९ मध्ये गड निजामशाहीकडे आला. आजचे सगळ्यात महत्त्वाचे रहिवासी जनार्दनस्वामी, गडाचे किल्लेदार आणि एकनाथांचे गुरू. पैठणहून लहान वयात आलेले एकनाथ इथेच त्यांच्यापाशी राहिले. जमाखर्चातली एका पैची चूक रात्र जागून शोधल्याची परंपरेतली कथा याच गडाच्या हिशेबाची आहे. माथ्याजवळ स्वामींची गुहा आणि पादुका. गुहा विटेत छिन्नीने कोरली, ३ सेंमी रुंद. भाजलेली वीट चालत नाही, कोपरे उडतात, अर्धी कच्ची वीट घ्यावी.

दरवर्षीचा प्रश्न: महाराजांचे सिंहासन कुठे? देवगिरी महाराजांच्या ताब्यात कधीच नव्हता, म्हणून माथ्यावर ठेवणे चूक. पण या गडाशी त्यांच्या घराचे नाते आहे, आणि ते दुःखाचे आहे. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, जिजाऊंचे वडील, देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवणारे घराणे. जुलै १६२९ मध्ये याच गडावर निजामशहाच्या दरबारात ते मुलांसह दग्याने मारले गेले. पुढच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. सिंहासन ओट्याशेजारी वेगळ्या पाटावर ठेवले, तोंड गडाकडे. गडावर, दरबाराच्या जागी, रात्रभर जळणारी एक पणती. तेल ३० मिली, वात दुहेरी.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा. १६३३ आणि १६३६

१६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाचा वेढा. अंबरकोटाच्या भिंतीखाली सुरुंग लावून ती उडवली, म्हणून तटाचा एक तुकडा मुद्दाम सुटा केलेला होता तो आज पाडला. तुकड्याची वीट आधीच अर्धी कापून ठेवावी, हातोडीने फोडली तर शेजारचा बुरूजही जातो. बाहेरचा तट पडला, तरी माथ्याचा खडक तसाच उभा. दाणागोटा संपला तेव्हा मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने गड खाली केला. पोरवयाच्या हुसेन निजामशहाला ग्वाल्हेरला कैदेत पाठवले. कोठाराच्या २४ गोण्या आज पुन्हा पुढे आणल्या, तोंडे उघडून, रिकाम्या.

मग शाहजहानच्या १६३६ च्या भेटीतली बारादरी, माथ्याच्या खाली. पुठ्ठ्याची, अष्टकोनी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज. १६८७

मेंढा तोफ: मागच्या टोकाला मेंढ्याचे तोंड, दुसरे नाव किलाशिकन, म्हणजे किल्ला फोडणारी. शाडूची, तोंड वेगळे करून ओले असतानाच जोडले, वाळल्यावर जोडलेले तोंड दोनदा पडले.

चिनी महाल: निळ्या-पिवळ्या फरशीकामाचे अवशेष आजही भिंतीवर आहेत. सिमेंटच्या पट्टीवर शून्य नंबरच्या ब्रशने ऑइलपेंट. इथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुत्बशहा, लोकांचा तानाशहा, १६८७ पासून मरेपर्यंत बारा-एक वर्षे कैदेत होता. त्याची कबरही खुलदाबादला. आगकाडीचा एकच तुकडा, महालाच्या दारात.

२६ ऑक्टोबर, रविवार

गड उतरवला. सुट्या वास्तू कापडात गुंडाळून कालखंडाप्रमाणे पाच खोक्यांत. चांदमिनार आडवा ठेवायचा, उभा ठेवला तर नळ्या एकमेकींत घट्ट बसतात. अंधेरीची नळी काचेसह जपली. विटा १४१ परत मिळाल्या, ९ फुटल्या. कोंबडजाळी गिलाव्यासकट तुकड्यांत निघाली; पुढच्या खेपेला गिलाव्याखाली वर्तमानपत्राचा थर द्यावा, म्हणजे जाळी सोडवता येईल.

माती बागेत टाकायची. कोठाराखालची दोन घमेली मात्र बाजूला काढली. तिथे अळीव उगवले नव्हते, तुळशीही धरणार नाहीत. ती गोणीत भरून जिन्याखाली ठेवली आणि गोणीवर खडूने लिहिले: मीठ.